खोलीएवढं गाणं

24 डिसेंबरला दुपारी फिनलंडमधल्या तुर्कू शहरात कॅथेड्रलच्या घड्याळाचे बारा ठोके पडतात आणि जुन्या चौकातल्या ब्रिंककाला वाड्याच्या सज्जात उभा राहून नगरपालिकेचा एक अधिकारी चर्मपत्रावरचा मजकूर मोठ्यानं वाचतो. नाताळची शांतता सुरू झाली आहे, सण भक्तिभावानं आणि गडबड न करता साजरा करावा, आणि जो गैरवर्तन करून ही शांतता मोडेल त्याला एरवीपेक्षा कडक शिक्षा होईल, असा त्याचा आशय असतो. प्रथा चौदाव्या शतकापासूनची मानतात. 1827 च्या आगीत तुर्कू जळालं त्यात मूळ कागदही गेला, आणि आज वाचतात तो मजकूर आगीनंतर आठवणीवरून पुन्हा लिहिलेला आहे. 1935 पासून हे वाचन रेडिओवरून देशभर ऐकू येतं, पुढे ते दूरचित्रवाणीवरही आलं. त्याच्या आगेमागे ल्यूथरचं स्तोत्र होतं, राष्ट्रगीत होतं, बँडवर लष्करी संचलनाची धून वाजते. मग लोक घरी जातात, सौना तापवतात, कबरस्तानात आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून येतात. एखाद्या देशानं आपल्या सर्वांत मोठ्या सणाची सुरुवात ‘आता आवाज आवरा’ असं जाहीर करून करावी, हे नाताळच्या संगीताचा विचार करणाऱ्यानं नीट लक्षात घ्यावं असं आहे.

कारण त्याच संध्याकाळी, त्याच देशातल्या जंगलात, गोठलेल्या तळ्याकाठच्या ओंडक्यांच्या घरात उतरलेली पाहुणेमंडळी बहुधा काय करतात, तर फोनवर ‘ख्रिसमस’ नावाची एखादी तयार यादी लावून देतात आणि ती रात्रीपर्यंत चालू ठेवतात. अशा पाहुण्यांची आता उत्तर फिनलंडमध्ये, म्हणजे लॅपलंडमध्ये, रीघ असते. 1927 मध्ये रेडिओवर मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या ‘मार्कुसकाकां’नी सांता कोर्वातुंतुरीच्या डोंगरात राहतो असं सांगून टाकलं. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याच्या काळात जळून राख झालेलं तिथलं रोव्हानिएमी शहर पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा 1950 मध्ये एलिनॉर रूझवेल्ट तिथे आल्या आणि त्यांच्यासाठी आर्क्टिक वृत्तावर घाईनं ओंडक्यांची एक झोपडी बांधली गेली. ती अजून उभी आहे. 1985 मध्ये तिच्याभोवती सांताचं गाव सुरू झालं, आणि ओंडक्यांच्या घरातला नाताळ ही जगभर विकली जाणारी गोष्ट झाली. पुण्या-मुंबईच्या सहलींच्या पत्रकांत आता लॅपलंड असतं. नोकरीनिमित्त हेलसिंकीत, एस्पूत राहणारी मराठी कुटुंबंही सुट्टीत अशी घरं भाड्यानं घेतात. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. माझं म्हणणं असं की अशा घरात गाणं निवडताना आधी खोली बघावी, मग सण. खोलीत मावेल असं गाणं घ्यावं, थोडं घ्यावं आणि हळू लावावं. हे नुसतं आवडीनिवडीचं म्हणणं नाही. त्याला भिंतींची, कानांची आणि त्या गाण्यांच्या जन्माची कारणं आहेत.

भिंतींपासूनच सुरुवात करू. पाइनचे सोललेले ओंडके एकावर एक आडवे रचायचे, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवायचे आणि फटींत वाळलेलं शेवाळ ठासायचं, ही तिथली जुनी रीत. अशी भिंत वीतभर जाड असते, भरीव असते आणि बांधल्यानंतर काही वर्षं हळूहळू खाली बसत राहते. पातळ लाकडी फळ्यांची भिंत खर्जाच्या आवाजाबरोबर स्वतः थरथरते आणि तो आवाज बराचसा गिळून टाकते. भरीव ओंडका थरथरत नाही. त्यामुळे खर्ज खोलीतच राहतो, आणि लहान खोलीत तो सगळीकडे सारखा राहत नाही. पाच मीटर लांब आणि अडीच मीटर उंच खोली घेतली तर साधारण 34 आणि 69 हर्ट्झच्या आसपासचे स्वर फुगून येतात, त्यांच्या शेजारचे बुजतात. मोठ्या वाद्यवृंदाचा किंवा ढोलबाजाचा खर्ज अशा खोलीत घुमतो पण कळत नाही. वरच्या पट्टीतले आवाज गोल ओंडक्यांवर आपटून विखुरतात आणि गालिचे, रजया, जाड पडदे ते शोषून घेतात. उरते ती मधली पट्टी, म्हणजे माणसाचा गळा, गिटार, पियानोचा मधला भाग, तंतुवाद्यं. ती मात्र स्वच्छ ऐकू येते, कारण सामान भरलेल्या अशा खोलीत आवाज अर्ध्या सेकंदाच्या आसपास विरतो. मोठ्या दगडी चर्चमध्ये त्याला चार-पाच सेकंद लागतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये 1918 पासून नाताळच्या पूर्वसंध्येला नऊ पाठ आणि भजनांची जी प्रार्थना होते, तिची ध्वनिमुद्रणं जगभर ऐकली जातात, आणि ती सुंदरच आहेत. पण त्या गायनाचा अर्धा भाग त्या छताचा आहे. 80 मीटरहून लांब दगडी दालनात मुलाचा एकटा आवाज सुटतो आणि दालन तो परत देतं. ते ध्वनिमुद्रण लहान लाकडी खोलीत स्पीकरवर लावलं की खोली एक सांगते आणि कान दुसरंच ऐकतो. डोळ्यांसमोर चुलीतला जाळ, आणि कानात कुणा दुसऱ्याचं छत.

आता कानाकडे येऊ. ताजा, भुसभुशीत बर्फ सच्छिद्र असतो आणि आवाज शोषतो. रस्ता दूर, पाणी गोठलेलं, पानं गळलेली. शहरातल्या घरात फ्रिज, पंखा, रहदारी यांचा जो सततचा थर असतो आणि ज्याच्यावर मात करायला आपण नकळत गाण्याचा आवाज वाढवतो, तो थरच इथे नसतो. त्यामुळे गाणं फार हळू लावता येतं, आणि हळू लावलं की कानाचा एक जुना नियम लागू होतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं की आवाज जसजसा कमी करावा तसतसा आपल्याला खर्ज इतर आवाजांच्या मानानं फार लवकर ऐकू येईनासा होतो. म्हणजे जे संगीत खर्जाच्या आणि भव्यतेच्या आधारावर उभं आहे, ते हळू लावताच पोकळ होतं. ऐकणाऱ्याला काहीतरी कमी पडतंय असं वाटतं आणि तो आवाज वाढवतो. मग घरातली बोलणी थांबतात, चुलीचा तडतडाट बुडतो, आणि ज्या शांततेसाठी एवढं लांब आलो ती पहिल्या तासातच संपते. एकटा गळा किंवा पाच तारा मात्र हळू लावल्या तरी पुऱ्या ऐकू येतात.

इथे पहिला आक्षेप येतो. आज नाताळ म्हटलं की जगाला जी गाणी आठवतात ती अमेरिकेतल्या चाळीसच्या दशकातली आहेत, लोकांना ती प्रिय आहेत, आणि केवळ खोलीच्या मापासाठी ती बाजूला काढायची का? या गाण्यांविरुद्ध एक नेहमीचा युक्तिवाद असतो, तो मला पटत नाही. तो असा, की ही गाणी उन्हात बसून बर्फाची स्वप्नं बघणाऱ्यांची आहेत. अर्व्हिंग बर्लिनच्या ‘व्हाइट ख्रिसमस’च्या सुरुवातीच्या, सहसा गाळल्या जाणाऱ्या ओळींत लॉस एंजेलिसचं ऊन आहे. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी ‘द ख्रिसमस साँग’ लिहिलं ते 1945 च्या उन्हाळ्याच्या काहिलीत. मग जो प्रत्यक्ष बर्फात बसला आहे त्याला ही ओढ कशाला हवी, असं म्हणतात. पण दूरच्या घराची ओढ फिनिश गाण्यांतही आहे. झाकारियास टोपेलियसच्या 1853 च्या कवितेवर कार्ल कोलाननं चाल बांधलेलं ‘सिल्व्हियाचं नाताळगीत’ फिनलंडमध्ये घरोघरी गायलं जातं, आणि त्यातला पक्षी सिसिलीत, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी पिंजऱ्यात बसून उत्तरेतलं आपलं घर आठवतो. बर्फात बसलेल्या फिनिश माणसांना ते गाताना काही अडत नाही. ओढ हा दोष नव्हेच.

अडचण आहे ती आकाराची, आणि तीही सरसकट नाही. बिंग क्रॉस्बीनं मे 1942 मध्ये ‘व्हाइट ख्रिसमस’ मुद्रित केलं तेव्हा त्याच्यामागे वाद्यवृंद होता, समूहगायक होते, पण त्याचा स्वतःचा आवाज मायक्रोफोनच्या अगदी जवळून गायलेला, शेजारी बसून बोलावं तसा होता. त्यानं ती कला मायक्रोफोनकडूनच शिकून घेतली होती. नॅट किंग कोलनं ‘द ख्रिसमस साँग’ 1946 मध्ये दोनदा मुद्रित केलं: जूनमध्ये फक्त आपल्या त्रिकूटाबरोबर, म्हणजे पियानो, गिटार आणि बास, आणि ऑगस्टमध्ये त्यात तंतुवाद्यांची भर घालून. गाजलं ते दुसरं. ओंडक्यांच्या घरासाठी मी पहिलं निवडीन, कारण त्यात तीन माणसं खोलीत बसल्याचं कळतं. 1965 मध्ये चार्ली ब्राऊनच्या दूरचित्रवाणीपटासाठी व्हिन्स ग्वाराल्डीनं पियानोच्या त्रिकूटासह केलेलं संगीतही असंच कुठल्याही छोट्या खोलीत सहज बसतं. म्हणजे कुठल्या देशातलं किंवा कुठल्या काळातलं, यावर काही ठरत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपण ज्या खोलीत बसलो आहोत त्या खोलीत बसवता येईल का, एवढं पाहिलं तरी निवड बरीच सोपी होते. त्रिकूट बसतं, वाद्यवृंद बसत नाही.

या कसोटीचं सर्वांत चांगलं उदाहरण हेलसिंकीच्या उत्तरेला, यार्व्हेनपाय इथे, तुसूला तळ्याजवळ आहे. संगीतकार यान सिबेलियस 1904 मध्ये बायकोमुलींसह तिथे राहायला गेला. घराचा आराखडा वास्तुविशारद लार्स सोंकचा, बांधणी ओंडक्यांची, आणि नाव बायकोच्या, आयनोच्या नावावरून ‘आयनोला’. 1957 मध्ये वारला तोपर्यंत तो तिथेच राहिला, आणि आज ते घर संग्रहालय म्हणून पाहता येतं. या घराला आवाजाच्या बाबतीत कडक शिस्त होती. तो काम करत असताना मुलींनी गप्प राहायचं. नळांतून पाणी वाहतानाचा आवाज नको म्हणून त्याच्या हयातीत घरात नळाचं पाणीच घेतलं गेलं नाही. जेवणघरातल्या हिरव्या शेकोटीचा रंग त्याला एफ मेजर स्वरसप्तकाचा वाटे. सात सिंफनी लिहिणारा हा माणूस, पण त्याच्या रचनांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर, म्हणजे ओपस 1 म्हणून, पाच छोटी नाताळगीतं आहेत. ती त्याच्या पहिल्या रचना नव्हेत. 1892 मध्येच त्याचं ‘कुल्लेर्व्हो’ हे प्रचंड काम सादर झालं होतं आणि ही गाणी त्यानंतरची आहेत. तरी पहिला क्रमांक त्यानं यांना दिला. यातलं चौथं गाणं 1909 चं, म्हणजे आयनोलात राहत असतानाचं. शब्द टोपेलियसचे: सत्ता नको, झगमगाट नको, सोनं नको, आकाशाचा उजेड आणि पृथ्वीवर शांती मिळो, अशी मागणी. चाल इतकी साधी की संगीत न शिकलेल्या माणसालाही ती दोनदा ऐकून येते. स्वर फार वर चढत नाहीत, पियानो मागे नुसता आधाराला असतो. त्याच वर्षी त्यानं ‘व्होचेस इन्टीमे’ हे चार तंतुवाद्यांचं चतुष्क पुरं केलं. मोठा वाद्यवृंद हाताशी असलेला रचनाकार घरातल्या सणासाठी लिहिताना गळा आणि पियानो यांपलीकडे गेला नाही, याला मी चांगला पुरावा मानतो.

मोठं संगीत लहान खोलीतूनच आलेलं आहे, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. संगीतकार गुस्ताव माहलरनं आपली दीड तासाहून लांब तिसरी सिंफनी ऑस्ट्रियातल्या आटर्झे सरोवराकाठच्या एका खोलीच्या खोपटात बसून लिहिली. नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याची कामाची झोपडी बर्गनजवळ ट्रोल्डहाउगनला पाण्याच्या कडेला आजही आहे. मग छोट्या घरात मोठं संगीत कसं बसत नाही? उत्तर असं की माहलरच्या खोपटात ती सिंफनी कागदावर होती. तिला लागणारं सभागृह त्याच्या डोक्यात होतं आणि ती वाजली शहरात, शेकडो माणसांसमोर. खोपटात त्यानं जे शोधलं ते एकांत आणि शांतता. खोपटाकडे मागावं तर तेच.

दुसरा आक्षेप जास्त मनातला आहे. फिनलंडची नाताळगीतं ऐकली तर त्यांतली बरीचशी मायनर स्वरांत, आपल्या भाषेत कोमल गंधाराकडे झुकलेली आहेत. सुट्टीसाठी आलेल्या माणसानं अशी उदास गाणी का ऐकावीत? ‘नाताळच्या सकाळची चिमणी’ हे त्यांतलं सर्वांत लाडकं गाणं घ्या. टोपेलियसचा तान्हा मुलगा रफाएल 1858 मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्यानं ही कविता लिहिली. ओट्टो कोटिलाइननची आज गायली जाणारी चाल 1913 ची. बर्फात अन्न शोधणाऱ्या चिमणीला एक मुलगी दाणे घालते, आणि चिमणी तिला सांगते की मी चिमणी नाही, वसंतात गेलेला तुझा धाकटा भाऊ आहे. हे गाणं फिनलंडमध्ये मुलं गातात, शाळेत आणि घरात. ते रडवण्यासाठी नसतं. सणाच्या दिवशी घरात जे नाहीत त्यांना त्या गाण्यातून जागा मिळते, आणि थडग्यांवर मेणबत्ती लावून परतलेल्या माणसांना ते साहजिक वाटतं. आपल्याकडे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला घर थोडं थबकतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचं नवल वाटू नये. उदास वाटणं आणि एकटं पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा अनुभवापेक्षा तर्काचा दावा असा आहे की दुपारी तीनलाच काळोख होणाऱ्या प्रदेशात आनंदी आनंद गडे छापाचं संगीत सतत लावलं तर बाहेरचा अंधार अधिकच वेगळा पडतो, आणि मायनर स्वर त्या अंधाराशी भांडत नाहीत.

आणि सगळंच फिनिश संगीत उदास आहे असंही नाही. 1582 मध्ये ग्राइफ्सवाल्ड इथे ‘पिए कान्तियोनेस’ नावाचा लॅटिन गीतांचा एक संग्रह छापला गेला. त्याचा संपादक थिओडोरिकस पेत्री नावाचा फिनलंडचा विद्यार्थी, आणि गाणी तुर्कूच्या कॅथेड्रल शाळेतली मुलं गात असत ती, मध्ययुगापासून चालत आलेली. त्यातलं ‘गौदेते’ ताल धरून नाचवणारं आहे. स्टीलाय स्पॅन या इंग्लिश चमूनं सत्तरच्या दशकात ते वाद्यांशिवाय गाऊन इंग्लंडच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत नेलं. त्याच संग्रहातली वसंतऋतूची एक चाल घेऊन जॉन मेसन नील यानं 1853 मध्ये राजा वेन्सेस्लासचं नाताळगीत रचलं, आणि आज ती चाल इंग्लिशच समजली जाते. मास्कूच्या हेम्मिंग नावाच्या धर्मगुरूनं या लॅटिन गाण्यांचं फिनिश भाषांतर 1616 मध्ये छापलं. तेच साल मराठी वाचकाला ओळखीचं आहे: फादर स्टीफन्सचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते 1616 मध्येच. एकमेकांविषयी कधी न ऐकलेल्या या दोन जागी ख्रिस्ताची कथा लोकांच्या तोंडच्या भाषेत आणि गाता येईल अशा घाटात आणण्याचं काम एकाच वर्षी छापखान्यातून बाहेर पडलं, हे मला फार हृद्य वाटतं. ‘पिए कान्तियोनेस’ची गाणी ओंडक्यांच्या घरासाठी उत्तम, कारण ती शाळकरी मुलांच्या गळ्यांसाठी आहेत. चार माणसं, एखादी बासरी, टेबलावर बोटांनी ठेका, एवढ्यावर ती उभी राहतात.

तिथलं खास वाद्य म्हणजे कान्तेले. जुनं पाचतारी कान्तेले एका अखंड लाकडाच्या तुकड्यातून कोरून पोकळ करतात, म्हणजे ज्या रानातून घराचे ओंडके येतात त्याच रानातून वाद्यही. ते मांडीवर घेता येतं. पाच तारा, पाच स्वर, आणि मधला स्वर किंचित उतरवला की मेजरचं मायनर होतं. तारा दाबायला वर काही नसतं, त्यामुळे छेडलेली प्रत्येक तार पुढच्या तारेवर रेंगाळत राहते आणि दोन-तीन स्वरांचं धुकं तयार होतं. आवाज इतका लहान की सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच विसाव्या शतकात त्याची चाळीसेक तारांची, खटक्यांनी स्वर बदलणारी मैफलीची आवृत्ती निघाली. पण पाचतारी कान्तेले लाकडी टेबलावर ठेवून वाजवलं की टेबलच त्याची पेटी होतं आणि आवाज भरून येतो. भाड्याच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर हे करून बघता येईल. कधी न वाजवलेल्या माणसालाही त्यावर दहा मिनिटांत एखादी चाल काढता येते, आणि स्पीकरपेक्षा ते मला कितीतरी मोलाचं वाटतं.

इथून मुद्दा आपोआप गाण्याकडे वळतो, ऐकण्याकडून म्हणण्याकडे. नाताळचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध गीत, ‘श्टिले नाख्ट’ म्हणजे ‘सायलेंट नाइट’, 24 डिसेंबर 1818 ला साल्झबर्गजवळ ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं ते दोन गळे आणि एक गिटार यांवर. शब्द धर्मगुरू योझेफ मोरचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबरची. नंतर त्याच्यावर वाद्यवृंद चढले, पण ते खोलीच्या मापाचंच होतं. फिनलंडमध्ये 1973 पासून ‘कौनेइम्मात योउलुलाउलुत’ नावाचे कार्यक्रम होतात. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत लोक चर्चमध्ये जमतात, हातात गाण्यांची पुस्तिका घेतात आणि श्रोता-गायक असा भेद न ठेवता सगळे मिळून गातात. आम्हाला गाता येत नाही, ही पुढची हरकत. तिचं उत्तर त्या पुस्तिकेत आहे: ही गाणी चांगलं गाणाऱ्यांसाठी केलेलीच नाहीत. आणि फिनिश शब्द येत नसतील तर मराठीत गायला कुणाची आडकाठी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंगाच्या आणि ओवीच्या वळणावर बांधली आणि ती मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर आजही गातात. टाळ्यांच्या ठेक्यावरही ती चालतात. ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसालाही त्यांची घडण घरची वाटेल.

मराठी श्रोत्याला खोलीच्या मापाची ही समज खरं तर उपजत असायला हवी, कारण हिंदुस्थानी संगीत वाढलं ते बैठकीत. गवई आणि ऐकणारा यांच्यात दोन हातांचं अंतर, तानपुऱ्याची जवारी सगळ्यांना ऐकू येते, आणि श्वास घेतलेलाही कळतो. रोव्हानिएमीत नाताळच्या सुमारास सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास क्षितिजावर असतो, आणखी उत्तरेला उत्स्योकीत तर पन्नासेक दिवस उगवतच नाही. पण तिथे चोवीस तास काळोख नसतो. क्षितिजाखालचा सूर्य बर्फावर तासन्‌तास निळा-गुलाबी संधिप्रकाश टाकत राहतो. आपल्या समयचक्रात ज्या रागांना संधिप्रकाश राग म्हणतात, त्यांना आपल्याकडे दिवसाकाठी जेमतेम घटकाभर मिळते. तिथे ती वेळ दुपारभर पुरते. अशा दुपारी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा हळू लावून बसावं, एवढं संथ आणि एवढं थोडकं संगीत क्वचितच दुसरं सापडेल. याला कुणी म्हणेल की मारव्याचा आणि नाताळचा संबंध काय? संबंध त्या वेळेशी आहे. सणाच्या दिवसातली प्रत्येक घटका सणाच्याच गाण्यानं भरली पाहिजे असं तुर्कूच्या जाहीरनाम्यातही नाही.

एक गोष्ट मात्र पार्श्वसंगीत म्हणून लावू नये, ती म्हणजे लॅपलंडचे मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांचा योइक. लॅपलंडच्या जाहिरातींत डफासारख्या वाद्याच्या ठोक्यांवर योइकचे तुकडे सर्रास वापरलेले असतात. योइक हा सामी लोकांचा गायनप्रकार बहुधा एखाद्या व्यक्तीचा, प्राण्याचा किंवा जागेचा असतो. तो त्या व्यक्तीविषयी नसतो, तो तिचाच मानला जातो. मिशनऱ्यांनी त्याला पाप ठरवून पिढ्यान्‌पिढ्या दडपलं, तो नाताळची शोभा म्हणून वापरणं मला अन्याय्य वाटतं. नील्स-अस्लाक वाल्केअपेनं 1968 मध्ये ‘योइकुया’ नावाची तबकडी काढून त्याला पुन्हा मानानं लोकांसमोर आणलं. ऐकायचं असेल तर ती वेगळी वेळ काढून, बोलणं थांबवून ऐकावी.

शेवटी मुलांचा प्रश्न उरतो, आणि नाचण्याची हौस असलेल्या मोठ्यांचाही. तीन दिवस हळू आवाजात कोण बसणार? फिनिश रिवाजातच याची सोय आहे. पूर्वसंध्येला सांता रात्री झोपलेल्या घरात गुपचूप येत नाही, तो दार वाजवून प्रत्यक्ष येतो, आणि भेटी घेण्याआधी मुलं त्याला गाणं म्हणून दाखवतात. ते गाणं कितीही बेसूर आणि कितीही मोठ्यानं असलं तरी चालतं. आणि 26 डिसेंबरला, संत स्टीफनच्या दिवशी, नाताळची शांतता आपोआप सैल होते. पूर्वी त्या दिवशी घोडे स्लेजला जुंपून गावभर पळवत आणि गात गात घरोघर जात, आणि नंतरच्या काळात त्या रात्री नाचाचे कार्यक्रम होऊ लागले, ते अजून होतात. अकॉर्डियन असतं, हुंप्पा नावाचा नाच असतो, आणि टँगो तर हवाच: उंतो मोनोनेनचा 1955 चा ‘सातुमा’, रेइयो ताइपालेच्या 1962 च्या गाजलेल्या आवाजात. त्या दिवशी टेबल भिंतीला सरकवावं, गालिचा गुंडाळून ठेवावा म्हणजे खोली थोडी मोकळी घुमते, आणि आवाज हवा तेवढा वाढवावा.